पौलाने काय मागितलं
आज सकाळी मनन करताना बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्राचा, म्हणजे प्रेषित पौलाने कलस्सै इथल्या मंडळीला (चर्चला) लिहिलेल्या पत्राचा, पहिला अध्याय काढला आणि 9 व्या वचनावरून पुढे सरकताच येईना. पौल स्वतः तुरुंगात, ज्या मंडळीला प्रत्यक्ष भेटलेला पण नाही (2:1 बघा) तिच्यासाठी सतत प्रार्थना करतोय आणि मागतोय काय, तर त्यांना देवाची इच्छा कळावी, देवाच्या ज्ञानात त्यांची वाढ व्हावी. स्वतःची सुटका नाही, पैसा नाही!

दिवसभर तेच डोक्यात. दुपारी मंडळीतल्या एका ताईचा फोन, घरातली नोकरी गेलीय, खूप रडत होती. एरवी आपण पटकन देव दुसरी देईल म्हणून मोकळे होतो, आज फोनवरच स्तोत्र 103 वाचलं, 8 व्या वचनाला, परमेश्वर दयाळू, मंदक्रोध (लवकर न रागावणारा) आहे तिथे ती म्हणाली परत वाच ना गं. परत वाचलं. नोकरीसाठी मागितलंच, पण आधी प्रभू तू कोण आहेस ते आम्हाला अजून कळू दे एवढंच मागितलं. मला मनापासून वाटतं विश्वास इथूनच वाढतो, ज्याला ओळखतो त्याच्यावरच टेकता येतं ना.

उद्यापासून आम्ही दोघी रोज हे पत्र थोडं थोडं वाचणार आहोत, चारच अध्याय आहेत, कुणाला जॉईन व्हायचं असेल तर मेसेज करा 🙏