तिकांड्याखालचे पाणाडे

परवा औशाजवळ शेतात हुरड्याला गेलतो. आगटी लालभडक, हात काळेकुट्ट, अन् डोक्यावर तिकांडं, मृगातले ते एका ओळीतले तीन तारे. तात्या म्हणले, "तिथं आता काय शोधायलेत रे?" म्हणलं, ब्राउन ड्वार्फ, तपकिरी बटू. आता हे तात्यांना समजवायचं म्हणजे आगटीच धरावी लागली.

गुरूच्या साधारण १३ ते ७५ पट वजनाचा गोळा, तारा व्हायला निघालेला पण हायड्रोजनची भट्टी काय पेटत नाही, मग आकसताना जी काय ऊब मिळाली तिच्यावरच जन्म काढायचा अन् हळूहळू गार व्हायचं. आगटी आत्ता बांधावरनं दिसते, पहाटं राखेत हात घालून बघावं लागतं. शिव कुमार या आपल्याकडच्याच माणसानं १९६०च्या दशकात हे गणितानं सांगितलं, पण पहिले पक्के सापडायला १९९५ उजाडलं. म्हणून गार व्हायच्या आत, कोवळे असतानाच गाठायचे. तिकांड्याच्या पूर्वेकडच्या ताऱ्याजवळ सिग्मा ओरायनिस म्हणून ताऱ्यांचा पुंजका आहे, वय जेमतेम ३० लाख वर्षं, म्हणजे बाळंच सगळी.

पण तारे जन्मतात तिथं धूळ लई. धुळीमागचा चांगला मोठा ताराही त्यातनं लालसर, मंद दिसतो, धुरातला कंदील जसा, त्यामुळं नुसत्या रंगावर गेलं की फसलंच. मग खूण कुठली? पाणी! बटू तसा थंड असल्यानं त्याच्या हवेत वाफ टिकून असते, अन् १.४५ मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशाला ती वाफ गिळते. धूळ असं करत नाही. नेमका तेवढाच प्रकाश घेणारा फिल्टर हवाईतल्या ३.६ मीटरच्या दुर्बिणीला शास्त्रज्ञांनी लावला, तिरुपतीच्या आयसर या विज्ञान संस्थेची मंडळी पण त्यात आहेत. दुर्बीण ४,२०० मीटर उंच कोरड्या डोंगरावर, कारण आपल्या हवेतली वाफ पण तोच प्रकाश खाते.

तात्या एकदम, "मंग हे पाणाडेच की!"

आता आमच्या बोअरची गोष्ट निघणार हे कळलंच. जमिनीतलं पाणी सांगणारा पाणाड्या आलता, हातावर उभा नारळ, "हितंच हाय" म्हणून ठणकावून सांगितलेलं, सहाशे फुटावर नुसता फुफाटा, अन् नारळ पण तोच घेऊन गेला.

"ह्यांचं तरी लागतं का?"

म्हणलं, एवढ्यावर ते पण विश्वास ठेवत नाहीत, एकेकाचा स्पेक्ट्रम घेऊन, म्हणजे प्रकाश रंगारंगांत फोडून, वाफ खरंच हाय का बघतात, मगच पक्का धरतात.

"आधी बघतात व्हय," म्हणले, अन् काठीनं राख उकरून एक कणीस माझ्याकडं सरकवलं.