फ्रेंचच्या तासाला कोरा नकाशा

फ्रेंच शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला सुरुवातीच्या काळातच देश, राजधान्या आणि राष्ट्रध्वजांचे रंग यांची एक लांबलचक यादी पाठ करावी लागते. या यादीतून शब्द हाती लागतात हे खरे, परंतु भूगोल हाती लागत नाही. सेनेगालची राजधानी डाकार आहे हे बिनचूक सांगणाऱ्याला सेनेगाल आफ्रिकेच्या कोणत्या किनाऱ्यावर आहे असे विचारले, की तो छताकडे पाहू लागतो. हे दोन विषय खरोखरच एकत्र शिकवायचे असतील, तर सुरुवात यादीपासून न करता जमिनीच्या उतारापासून करावी, आणि उतार समजावून द्यायला नदीइतके सोयीचे दुसरे काही नाही, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून मी पहिल्यांदा देतो तो फ्रान्सचा कोरा नकाशा. त्यावर गावे नसतात, सीमा नसतात. फक्त बाह्यरेषा आणि सेन, ल्वार, गारॉन व रोन या चार मोठ्या नद्या असतात. उगमाला ‘सूर्स’, मुखाला ‘आंबूश्यूर’, उपनदीला ‘आफ्ल्यूआं’ आणि संगमाला ‘काँफ्ल्यूआं’ हे शब्द नकाशावर बोट ठेवूनच शिकायचे, वहीच्या समासात अर्थ लिहून नव्हे. फ्रेंच भूगोलात थेट समुद्राला मिळणाऱ्या नदीला ‘फ्लव्ह’ म्हणतात, तर दुसऱ्या नदीला मिळणारी ती ‘रिव्हिएर’. त्यामुळे मार्न किंवा सोन ही नदी नेमकी काय आहे हे सांगण्यापूर्वी विद्यार्थ्याला तिच्या प्रवाहावरून बोट फिरवत शेवटपर्यंत जावेच लागते. मार्न पॅरिसच्या वेशीवर सेनला मिळते आणि सोन लिओं शहरात रोनला मिळते हे त्याला स्वतःच दिसते, आणि मग योग्य शब्द निवडताना तो अडखळत नाही.

यानंतर येतात ‘देपार्तमां’, म्हणजे साधारणपणे आपल्या जिल्ह्यांसारखे प्रशासकीय विभाग. राज्यक्रांतीच्या काळात, १७९० साली, जुने प्रांत मोडून हे विभाग आखले गेले आणि जुन्या प्रांतांची ओळख मागे पडावी म्हणून त्यांना बहुतांशी नद्यांची व डोंगरांची नावे देण्यात आली. शिक्षकाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे, कारण प्रशासकीय नकाशा वाचतानाच नैसर्गिक नकाशाही वाचून होतो. ‘लॉत-ए-गारॉन’ या नावातला ‘ए’ म्हणजे ‘आणि’. नकाशात पाहिले तर लॉत ही नदी याच विभागात गारॉनला मिळताना दिसते.

सर्वांत फलदायी ठरतो तो ‘ओत-ल्वार’ हा विभाग. ‘ओ’ म्हणजे उंच आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘ओत’, एवढे सांगून मी हा विभाग कोऱ्या नकाशावर अंदाजाने दाखवायला सांगतो. जवळजवळ प्रत्येक जण ल्वारच्या वरच्या टोकाला, म्हणजे उत्तरेकडे, ओर्लेआंच्या आसपास पेन्सिल टेकवतो. खरी जागा दाखवली की कुणी तरी हमखास म्हणते, “पण सर, हा तर खाली आहे!” इथे थांबून मी एकच प्रश्न विचारतो: खाली म्हणजे कागदावर खाली, की जमिनीवर खाली? ल्वारचा उगम फ्रान्सच्या दक्षिण-मध्य भागातील मासिफ सांत्राल या डोंगराळ प्रदेशात, जेर्बिए द जों या डोंगरापाशी होतो. तिथून ती उत्तरेकडे वाहते, ओर्लेआंपाशी पश्चिमेकडे वळते आणि सुमारे १,००० किलोमीटरचा प्रवास करून नांत शहराच्या पुढे अटलांटिकला मिळते. उगमाकडची बाजू ती उंच बाजू. मग ती कागदाच्या कोणत्या कडेला येते याला महत्त्व नाही. उत्तर म्हणजे वर ही समजूत कागदाने लावलेली सवय आहे आणि ती मोडायला भूगोलाच्या व्याख्येपेक्षा हे एक विशेषण अधिक उपयोगी पडते.

समज पक्की झाली की नाही हे पाहण्यासाठी तोच प्रश्न दुसऱ्या खंडात नेऊन विचारावा. ‘ओत-एजिप्त’, म्हणजे ऊर्ध्व इजिप्त, हा देशाचा दक्षिण भाग आहे, कारण नाईल उत्तरेकडे वाहते. उलट, १९८४ साली बुर्किना फासो हे नाव घेणारा देश पूर्वी ‘ओत-व्होल्ता’ म्हणून ओळखला जात असे. व्होल्टा नदी तिथून दक्षिणेकडे घानामधून वाहत गिनीच्या आखाताला मिळते, म्हणून तिचा वरचा भाग उत्तरेला आला. ही दोन नावे शेजारी शेजारी ठेवल्यावर मला फारसे बोलावे लागत नाही.

जाता जाता एक गंमत सांगायला हरकत नाही. मुखाकडच्या विभागांना पूर्वी ‘अँफेरियर’ असे विशेषण लावलेले होते. त्याचा भौगोलिक अर्थ केवळ ‘खालचा’ असला, तरी त्यातून ‘कमी प्रतीचा’ असाही अर्थ निघत असल्याने तिथल्या लोकांना ते खुपत असे. अखेर १९५५ मध्ये सेन-अँफेरियरचे सेन-मारितीम झाले आणि १९५७ मध्ये ल्वार-अँफेरियरचे ल्वार-आतलांतिक झाले. समुद्र आणि महासागर यांच्याशी संबंधित विशेषणे त्या निमित्ताने शिकून होतात.

डावे आणि उजवे हे शब्दही नदीकाठीच शिकवावेत. पॅरिसमधील ‘रीव्ह द्र्वात’ म्हणजे उजवा तीर आणि ‘रीव्ह गोश’ म्हणजे डावा तीर. पण उजवा कोणाच्या दृष्टीने? प्रवाह ज्या दिशेला जातो त्या दिशेला तोंड करून उभे राहायचे, हा संकेत जगभरातील नद्यांना लागू आहे. सेन शहरातून एकंदरीत पश्चिमेकडे जाते, त्यामुळे लुव्र असलेला उजवा तीर उत्तरेला येतो आणि आयफेल टॉवर असलेला डावा तीर दक्षिणेला. विद्यार्थ्यांना वर्गात प्रत्यक्ष उभे करून वळायला लावले, की चार दिशा आणि दोन बाजू यांतला फरक एकदाच समजतो आणि पुन्हा विचारावा लागत नाही.

देशांच्या नावांपूर्वी येणाऱ्या ‘आं’, ‘ओ’ या शब्दयोगी रूपांबद्दल मात्र मी जपून बोलतो. स्त्रीलिंगी देशांना ‘आं’, व्यंजनाने सुरू होणाऱ्या पुल्लिंगी देशांना ‘ओ’, म्हणून ‘आं फ्रांस’ परंतु ‘ओ जापों’, हा नियम व्याकरणाचा आहे. त्यानुसार नकाशा रंगवून घेतल्याने व्याकरण पक्के होते, भूगोल नाही, कारण देशाच्या लिंगाचा त्याच्या भूमीशी काहीही संबंध नसतो. अनेकवचनी नावांची गोष्ट वेगळी आहे. फिलिपिन्स, मालदीव, सेशेल्स, कोमोरो ही नावे फ्रेंचमध्ये अनेकवचनी आहेत, कारण ते द्वीपसमूह आहेत. संयुक्त संस्थाने आणि संयुक्त अरब अमिराती अनेकवचनी आहेत, कारण ते घटकांचे संघ आहेत. नेदरलँड्सचे ‘पेई-बा’, म्हणजे सखल प्रदेश, हे नावही अनेकवचनी आहे, आणि त्या देशाची सुमारे एक चतुर्थांश जमीन खरोखरच समुद्रसपाटीच्या खाली आहे.

‘फ्राँतिएर’, म्हणजे सीमा, हा शब्द शिकवताना मी फ्रान्सची सर्वांत लांब भूसीमा कोणत्या देशाशी आहे असे विचारतो. स्पेन, बेल्जियम, जर्मनी अशी उत्तरे येतात. बरोबर उत्तर ब्राझील हे आहे, कारण दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयाना हा फ्रान्सचाच भाग असून त्याची ब्राझीलशी असलेली सीमा ७०० किलोमीटरहून अधिक आहे.

एक पथ्य मात्र पाळावे. कारणमीमांसा मातृभाषेतच करावी. नदी का वळते किंवा त्रिभुज प्रदेश कसा तयार होतो हे नवशिक्याला फ्रेंचमधून सांगण्याच्या हट्टापायी दोन्ही विषय अर्धवट राहतात. फ्रेंच वापरायची ती नाव सांगायला, जागा दाखवायला आणि वर्णन करायला. परीक्षेतही मी रिकाम्या जागा भरायला देत नाही; एक नदी देतो आणि तिचा उगम, दिशा, वाटेतली शहरे, उपनद्या आणि मुख साध्या वर्तमानकाळी वाक्यांत सांगायला लावतो. त्यासाठी ‘कुले’ म्हणजे वाहणे आणि ‘त्राव्हर्से’ म्हणजे मधून जाणे अशी मोजकी क्रियापदे पुरतात. ल्वार येऊ लागली की रोन द्यावी, कारण ती स्वित्झर्लंडमधील हिमनदीतून निघून लेमां सरोवरातून जाते आणि भूमध्य समुद्रापाशी तिला फाटे फुटतात, त्यामुळे हिमनदी, सरोवर आणि त्रिभुज प्रदेश हे तीन नवे शब्द लागतात. त्यानंतर काँगो, जिच्या दोन काठांवर किन्शासा आणि ब्राझाव्हिल या दोन वेगवेगळ्या देशांच्या राजधान्या समोरासमोर उभ्या आहेत. दोन्हीकडे फ्रेंच ही राजभाषा आहे, आणि कोणती राजधानी कोणत्या तीरावर हे विद्यार्थ्याने प्रवाहाकडे तोंड करून स्वतः सांगायचे असते.