तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा बेटावरचा पूर आधी का सांगता येत नाही?

"चक्रीवादळ कुठे धडकणार हे चार दिवस आधी सांगता, मग एवढ्याशा बेटावरच्या एवढ्याशा नदीचा पूर का नाही सांगता येत?" पूर-इशाऱ्यांचं काम करतो म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. कुठेतरी कामचुकारपणा चाललाय, असा एक सूरही त्यात असतो.

अडचण त्या 'एवढ्याशा'तच आहे. मोठ्या नदीत वर पडलेलं पाणी खाली यायला दिवस लागतात, त्यामुळे वरच्या गावाची पाणीपातळी कळली की खालच्या गावाचं गणित मांडता येतं. उष्ण कटिबंधातल्या डोंगराळ बेटावर नदीच आखूड आणि उतार उभा. पाऊस कोसळल्यापासून रस्ता बुडेपर्यंत हातात दोन-तीन तास, कधी तेवढेही नाहीत. मॉरिशसच्या पोर्ट लुईत ३० मार्च २०१३ रोजी दोन तासांच्या आत दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला आणि ११ माणसं गेली. त्यातली काही भुयारी मार्गात आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये अडकली होती.

त्यात डोंगर पाऊस खेचून घेतात. रियुनियन बेटावर जानेवारी १९६६ मध्ये फोक-फोकला २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तो अजून जागतिक उच्चांक आहे. संगणकावर हवामानाचा अंदाज काढणारी मॉडेलं पृथ्वीचे चौकोन पाडून गणित करतात. रोजच्या वापरातल्या चांगल्या जागतिक मॉडेलची एकेक चौकट साधारण ९-१० किलोमीटरची असते आणि तिच्यात जमिनीची एकच सरासरी उंची धरलेली असते. तीन हजार मीटरचा सुळका तिच्यात बसका होऊन जातो आणि त्याच्यासोबत त्याचा पाऊसही. उपग्रहाचं म्हणाल, तर त्याचा इन्फ्रारेड डोळा ढगाचा माथा किती थंड आहे ते बघतो: माथा जितका थंड, तितका ढग उंच आणि पाऊस जास्त, असा अंदाज. डोंगराला अडलेला ओला वारा मात्र बुटक्या, कोमट माथ्याच्या ढगातूनही धो-धो बरसतो, आणि वरून त्याचं काहीच वाटत नाही. रडार हवंच, पण डोंगर त्याच्या किरणांनाही आडवा येतो. बेटावर ते बहुधा एकच असतं. पोर्तो रिकोत २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया वादळाने केयीचं रडारच उडवलं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी.

मग करायचं काय? माझ्या मते उलटं गणित आधी करून ठेवायचं. माती आज किती भिजलेली आहे ते धरून, पुढच्या एका तासात, तीन तासांत किती मिलिमीटर पडला तर हा ओढा काठ सोडेल, हा आकडा प्रत्येक ओढ्यासाठी रोज तयार ठेवायचा. मग नदी फुगायची वाट बघावी लागत नाही, पाऊस त्या आकड्याकडे निघाला की इशारा द्यायचा. फिजीत अशी पद्धत आहे.

पण पाऊस मोजणार कोण? पर्जन्यमापकात एक छोटं दोलपात्र असतं, ठरावीक थेंब भरले की ते कलंडतं आणि एक नोंद होते. नळकांड्यात एक पान अडकलं किंवा गांधीलमाशीने घर केलं की यंत्र शून्य सांगत राहतं, आणि बाहेर मुसळधार चालू असतो. खाऱ्या हवेने जोड गंजतात, बॅटरी मरते. परदेशी मदतीचा प्रकल्प फीत कापून संपतो आणि सुटा भाग मागवायला पैसे नसतात. नवीन मॉडेलपेक्षा दर महिन्याला डोंगर चढून हे डबे पुसणाऱ्या माणसाच्या पगाराची तरतूद मी आधी मागेन.

प्रवाळबेटांची गोष्ट निराळी. तिथे नद्याच नाहीत. डिसेंबर २००८ मध्ये पश्चिम प्रशांत महासागरातल्या बेटांवर पाणी चढलं ते फार दूरच्या वादळाने उठवलेल्या लाटांमुळे. अशा लाटांना यायला दिवस लागतात, म्हणून तिथे खरोखरच आधी सांगता येतं. लाटा, भरती आणि समुद्राची पातळी यांची बेरीज तेवढी नेमकी हवी.

उरतो शेवटचा टप्पा, आणि बहुतेक घोडं तिथेच अडतं. फिलिपिन्समध्ये १६ डिसेंबर २०११ च्या रात्री सेंडाँग वादळ आलं. वादळाचा इशारा दिलेला होता, पण कागायान दे ओरो आणि इलिगानमध्ये पाणी घुसलं तेव्हा माणसं झोपलेली होती. हजारावर जीव गेले. अशा वेळी केंद्रातून फोन, मग साहेबांची परवानगी, मग गावाला निरोप हा क्रम परवडत नाही. ठरलेला आकडा ओलांडला की वस्तीतला भोंगा आपोआप वाजला पाहिजे, साहेबांना नंतर कळवता येईल. दोन-चार वेळा तो फुकट वाजेल, लोक शिव्या घालतील. त्या शिव्या इशारा देणाऱ्या खात्याने खाव्यात, आणि कशामुळे वाजला ते दुसऱ्या दिवशी वस्तीत जाऊन सांगावं.