धाकट्याचा क्लेम आणि कलम २१(४)

२०२१ च्या दिवाळीनंतर धाकट्या भावाला बायपोलर या मानसिक आजाराचा मोठा झटका आला. तीन रात्री त्याच्या डोळ्याला डोळा नव्हता. साताऱ्याहून पुण्याला नेलं, एकोणीस दिवस ॲडमिट होता. बिल १ लाख ४२ हजार. कॅशलेस नाकारलं, म्हणून पैसे भरून क्लेम टाकला. पत्र आलं: मानसिक आजार पॉलिसीतून वगळलेला, दावा नामंजूर. याच पॉलिसीवर दोन वर्षांपूर्वी त्याच्या डेंग्यूचं बिल दुपारपर्यंत मंजूर झालं होतं.

एजंट म्हणाला, "ताई, याला मिळत नसतं. सोडून द्या." आईलाही तेच हवं होतं. तक्रार करायची म्हणजे आजाराचं नाव दहा ठिकाणी लिहायचं, आणि पोराचं लग्न व्हायचंय. मी तिला दोष देत नाही. माझेही दोन आठवडे त्याच घालमेलीत गेले.

मग मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ काढून वाचला. कलम २१(४) एवढंच सांगतं की शारीरिक आजाराला ज्या आधारावर विमा मिळतो, त्याच आधारावर मानसिक आजारालाही प्रत्येक कंपनीने द्यायचा. कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच ऑगस्टमध्ये विमा नियामकाने कंपन्यांना तसं कळवलंही होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये याच कलमावर बोट ठेवून असा नाकारलेला क्लेम द्यायला लावला होता. आमच्या पॉलिसीतली ती वगळण्याची ओळ जुन्या छापातून वर्षानुवर्षं तशीच येत राहिली होती!

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं, कलमाचा आकडा पहिल्याच ओळीत. महिनाभर उत्तर नाही. मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे. फी नाही, वकील चालत नाही. कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं, म्हणून नकाराचं पत्र जपून ठेवा. पॉलिसी भावाच्या नावावर, त्यामुळे तक्रारदारही तोच. अर्जावर आजाराचं नाव त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं. आई शेजारी बसून होती, काही बोलली नाही.

सुनावणी व्हिडिओवर झाली. कंपनीच्या माणसाने पॉलिसीतली ती ओळ वाचून दाखवली. मी कलम सांगायला सरसावले, तेवढ्यात भाऊच म्हणाला, "साहेब, डेंग्यूच्या वेळी मीच आजारी होतो. या वेळीही मीच होतो."

आदेश आमच्या बाजूने लागला. हातमोजे, नोंदणी फी असली किरकोळ रक्कम कापून बाकीचे पैसे खात्यात आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये नियामकाने सगळ्याच कंपन्यांना ३१ तारखेपर्यंत पॉलिसी या कायद्याप्रमाणे करायला सांगितलं. भावाच्या पुढच्या नूतनीकरणात ती ओळ नव्हती. दर महिन्याचे डॉक्टर, लिथियम या त्याच्या औषधासाठीच्या रक्तचाचण्या मात्र अजून खिशातूनच, कारण त्या पॉलिसीत ओपीडी, म्हणजे ॲडमिट न होता घेतलेले उपचार, कुठल्याच आजाराला नाही. आदेशाची प्रत आईने डेंग्यूच्या फाईलमध्ये लावून ठेवली आहे.