दोन पानं, फूल आणि अंड्याचं टोक

गोव्यात जुन्या सचित्र पुस्तकांचा खरा वैरी वाळवी नव्हे, पाऊस. वाळवी निदान कोपऱ्यापासून सुरुवात करते, दमट हवा थेट चित्रांवरच जाते. शंभर वर्षांपूर्वी रंगीत चित्र नीट उठायचं तर कागद गुळगुळीत लागायचा, आणि तो गुळगुळीतपणा पांढऱ्या मातीच्या लेपातून यायचा. जून-जुलैत हा लेप ओलावा पितो, मऊ पडतो आणि शेजारच्या पानाला धरून बसतो. चतुर्थीच्या सुमारास पुस्तक उघडावं तर नायकाचं नाक समोरच्या मजकुरावर.

आमच्या घरातल्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’चं असं झालं नाही, कारण थोरल्या काकांनी प्रत्येक चित्रावर बटरपेपर घातला होता आणि कपाटात वेखंडाचे तुकडे. काका गणिताचे मास्तर. मुंबईला शिकत असताना फोर्टातल्या फूटपाथवर त्यांना ही प्रत मिळाली. लंडनच्या डेंट प्रकाशनानं १९०९ साली काढलेली, चित्रं आर्थर रॅकमची. रॅकमनं १९०० साली याच पुस्तकासाठी काळ्या शाईत चित्रं काढली होती. पुढे ती पुन्हा हाती घेऊन त्यानं रंग भरले. रंग तरी कसले, कोऱ्या चहात बुडवून वाळवल्यासारखे. मला ते आवडतात. भडक रंगांत या पुस्तकाची गंमत मेली असती.

त्यातलं गांधीलमाश्यांचं चित्र बघा. राक्षसी माणसांच्या देशात गलिव्हर खिडकीशी बसून गोड केकचा तुकडा खातोय आणि माश्या आत घुसतात. एकेक तित्तिराएवढी. हा तलवार उपसून उभा. पोरं इथं हसतात, आम्हीही हसलो. पण लेखक जोनाथन स्विफ्टची खोडी पुढच्या ओळींत आहे. गलिव्हर चार माश्या मारतो, त्यांच्या नांग्या काढून मोजतो, दीड इंच भरतात. मायदेशी परतल्यावर त्यातल्या तीन तो ग्रेशम कॉलेजला भेट देतो आणि चौथी स्वतःकडे ठेवतो. विद्वानांच्या संस्थेला माशीच्या नांग्यांची देणगी, आणि सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही! रॅकमला हे बरोबर कळलंय. त्याचा गलिव्हर कुठंच विनोदी दिसत नाही.

चित्रांचा हा कट तसा पहिल्यापासूनचा. २८ ऑक्टोबर १७२६ ला पुस्तक निघालं तेव्हा त्यावर स्विफ्टचं नावच नव्हतं. होतं ते लेम्युएल गलिव्हर नावाच्या कधीही न जन्मलेल्या माणसाचं गंभीर व्यक्तिचित्र, आणि नकाशे. सुमात्राजवळ लिलिपुट हा बुटक्यांचा देश, शोध लागला १६९९ साली, असं छापून मोकळे. दुसऱ्या सफरीत तर स्वारी सुरतेला निघालेली असते. मान्सूनचा वारा सुटला, वादळ झालं आणि जहाज भलतीकडे गेलं, नाहीतर आमच्याच किनाऱ्यावरून गेला असता बिचारा.

मुलांसाठीच्या आवृत्त्यांनी पुढं या पुस्तकाला आंघोळ घातली. बहुतेकांत पहिल्या दोनच सफरी. राणीच्या महालाची आग गलिव्हर लघवी करून विझवतो, ते पान गायब. तक्रार करावी तरी कशी? चित्रं बघूनच तर मोठ्यांनी ‘मुलांचं पुस्तक’ म्हणून ते आमच्या हातात दिलं. आत काय दडलंय ते नीट वाचलं असतं तर कपाटाला कुलूप लागलं असतं.

काकांनी मात्र वाचलं होतं. लिलिपुटचे लोक सहा इंचांचे, गलिव्हर उंचीनं त्यांच्या बारापट, म्हणून त्याला किती जणांचं जेवण लागेल याचा हिशेब राजाचे गणिती करतात. काही आवृत्त्यांत तो आकडा १७२४ छापलेला असतो. काकांनी समासात पेन्सिलीनं बारा गुणिले बारा गुणिले बारा मांडून १७२८ काढले आणि खाली दुहेरी रेघ मारली. चार माणसांचं जेवण मारलं गेलेलं त्यांना खपलं नाही.

अंड्याच्या पानावर मात्र गणित नाही. अंडं कुठल्या टोकाला फोडावं यावरून लिलिपुटात सहा बंडं होतात, अकरा हजार माणसं मरण पत्करतात पण बारीक टोकाला अंडं फोडत नाहीत. त्या परिच्छेदाशेजारी काकांच्या अक्षरात नुसती तारीख: १६-१-६७. गोव्यातल्या माणसाला एवढं पुरे. जनमत कौलाचा दिवस. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं, दोन पानं म्हणजे वेगळं राहायचं. थोरले काका ‘फूल’वाले, धाकटे काका ‘दोन पानं’वाले. दोघांच्या पंगती वेगळ्या झाल्या आणि आजीला दोनदा वाढावं लागे. ३४,०२१ मतांनी दोन पानं जिंकली. प्रश्न अंड्याएवढा फुटकळ नव्हता, हे मी दोघांच्याही बाजूनं सांगतो. पण पंगती मोडण्यापर्यंत गेलेलं भांडण लांबून कसं दिसतं, हे थोरल्या काकांना बहुधा त्या पानावर दिसलं. तारीख लिहून ते थांबले.

दोरीवरच्या नाचाशेजारी त्यांनी काही लिहिलेलं नाही, ते आता मला लिहावंसं वाटतं. लिलिपुटात मोठं पद मिळवायचं तर दोरीवर उड्या माराव्या लागतात. खजिनदार सर्वांत उंच उडतो. एकदा पडतो, पण खाली योगायोगानं राजाची उशी असते म्हणून मान वाचते. आमच्याकडे जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपमध्ये उडी मारली, सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ जणांनी. उशी दोन्ही वेळा जागेवर होती.

या साऱ्या कडू पुस्तकात मनापासून चांगला वागणारा माणूस कोण, तर डॉन पेद्रो हा पोर्तुगीज कप्तान. घोड्यांच्या देशातून आलेल्या, माणसाचा वाससुद्धा सहन न होणाऱ्या गलिव्हरला तो जेवू घालतो, धुतलेले सदरे देतो, समुद्रात उडी टाकू नये म्हणून जपतो, लिस्बनला स्वतःच्या घरी ठेवून घेतो. चित्रकार त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत. नेहमीच्या मापाचा भला माणूस, त्यात काढण्यासारखं काय? पोर्तुगीज अमलात वाढलेल्या काकांनी मात्र त्याच्यापुढं लिहिलंय: ‘नाइलाजानं मान्य.’

आता चुलतभावानं आसगावातल्या जुन्या घराचा होमस्टे केलाय. वहिनी पुस्तक चाळून म्हणाली, “भावजी, चित्रं तेवढी कापून द्या, फ्रेम करते. बाकीचं तसंही कोण वाचतं?” जुन्या पुस्तकांतली चित्रं सुटी करून विकणारेही नेमकं हेच म्हणतात. मी गांधीलमाश्यांचं चित्र स्कॅन करून मोठं छापून दिलं. पुस्तक दिलं नाही. चित्र तिच्या जेवणघरात झकास दिसतं. पाहुणे विचारतात, ही कुठली गोष्ट? आणि वहिनी बेधडक सांगते, इथलीच आहे, जुनी.