हमी असलेल्या कर्जाचा पहिला दावा : माझा अनुभव

मे २०२२ मध्ये माझी बदली तालुक्याच्या एका शाखेत झाली आणि कर्ज विभागाचा चार्ज माझ्याकडे आला. चार्ज देणाऱ्या सहकाऱ्याने फायलींसोबत एक छापील यादी दिली. वर हाताने लिहिलं होतं, ‘सीजीटीएमएसई’, म्हणजे लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणारा ट्रस्ट. खाली सत्तेचाळीस खाती, प्रत्येकापुढे एक सीजीपॅन, म्हणजे त्या खात्याच्या हमीचा क्रमांक. यादी दोन वर्षांपूर्वीची होती.

ज्यांचा बँकेशी संबंध फक्त पासबुकापुरता येतो त्यांच्यासाठी थोडं सांगते. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला तारण किंवा जामीनदार न घेता कर्ज द्यायचं, आणि ते बुडालं तर नुकसानाचा ठरलेला हिस्सा ट्रस्टने बँकेला द्यायचा, अशी ही योजना आहे. हा ट्रस्ट केंद्र सरकार आणि सिडबी (लघुउद्योग विकास बँक) यांनी मिळून २००० साली उभा केला. ज्याच्याकडे गहाण ठेवायला घर-जमीन नाही, त्या माणसाला या हमीमुळेच बँकेचं दार उघडतं. म्हणून मला हे काम मनापासून महत्त्वाचं वाटतं.

कर्ज शाखा देते, पण हमीचा सगळा हिशेब वेब पोर्टलवर चालतो. अर्ज तिथेच, वार्षिक फी तिथेच, खातं थकलं की एनपीएची (थकीत कर्जाची) नोंद तिथेच आणि दावाही तिथेच. मला मेकरचं, म्हणजे नोंद भरणाऱ्याचं लॉगिन मिळालं, शाखाधिकारी चेकर, म्हणजे ती तपासणारे. आमच्या सीबीएसमधल्या (बँकेच्या स्वतःच्या संगणक प्रणालीतल्या) आणि पोर्टलवरच्या नोंदी आपोआप जुळतील असं मी धरून चालले होते. शाखेत मात्र एकीकडे पाहून दुसरीकडे हाताने भरायची पद्धत होती, आणि माणूस बदलला की मधला दुवा तुटत होता.

पहिले दहा दिवस मी फक्त जुळवाजुळव केली. रोज संध्याकाळी पाच खाती घ्यायची, सीजीपॅन टाकून पोर्टलवरची स्थिती बघायची आणि शेजारी सीबीएसचं स्टेटमेंट ठेवायचं. तीन खाती पूर्ण फिटलेली होती, तरी पोर्टलवर चालूच दिसत होती. एका खात्याची वार्षिक फी भरायची राहिली होती. मुदत संपायला चार दिवस होते. त्याच दिवशी भरली. फी वेळेत गेली नाही तर हमी बंद होऊ शकते, आणि कर्जदाराला त्याचा पत्ताही नसतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका फॅब्रिकेशनच्या खात्यात. ग्रील आणि गेट बनवणारा छोटा वर्कशॉप, ८ लाखांचं मुदत कर्ज, फेब्रुवारी २०२० मध्ये दिलेलं. पुढच्याच महिन्यात लॉकडाउन लागला. हप्ते ओढत ओढत आले आणि ३१ मे २०२१ चा हप्ता आलाच नाही. दिवाणी दावा दाखल झालेला होता, पण ट्रस्टकडे भरपाईचा दावा कुणी केला नव्हता.

आधी लॉक-इनची तारीख काढली. शेवटचा हप्ता वितरित झाल्यापासून किंवा हमी सुरू झाल्यापासून, यातली जी तारीख नंतरची असेल तिच्यापासून १८ महिने दावा करता येत नाही. आमच्या फाइलवर कर्ज दिल्याची तारीख धरून हिशेब केलेला होता. हमी सुरू झाली होती ट्रस्टच्या खात्यात फी जमा झाली त्या दिवशी, म्हणजे जून २०२०. पोर्टलवर ती तारीख स्पष्ट दिसते, फक्त उघडून बघावी लागते. सुदैवाने दोन्हीकडून मुदत उलटून गेली होती.

दावा भरला. काही आठवड्यांनी परत आला, शेरा एका ओळीचा : एनपीए तारीख आणि स्टेटमेंट जुळत नाही. मी स्टेटमेंट पुन्हा वाचलं. सीबीएसमध्ये एनपीएची तारीख २९ ऑगस्ट २०२१, हप्ता थकल्यापासून ९० दिवसांच्या हिशेबाने बरोबर. पोर्टलवर कुणीतरी तिमाहीअखेर म्हणून ३० सप्टेंबर टाकलेली. मधल्या काळात, १४ सप्टेंबरला, कर्जदाराने ८,००० रुपये भरले होते. त्यामुळे एका कागदावर येणं ६,४०,००० आणि दुसऱ्यावर ६,३२,०००.

सुरुवातीला मला हे किरकोळ वाटलं, कारण शेवटचा आकडा तोच येतो. २९ ऑगस्टचे ६,४०,००० धरले, तर ८,००० नंतरची वसुली म्हणून वजा होतात. उरतात ६,३२,०००. त्यावर ७५ टक्के हमी म्हणजे ४,७४,०००, आणि त्याचा पहिला हप्ता पुन्हा ७५ टक्के, म्हणजे ३,५५,५००. पण तारीख चुकली की वसुली लपते, आणि वसुली लपलेला दावा कुणी का मंजूर करावा? रिजनल ऑफिसमार्फत दुरुस्तीची विनंती पाठवली, सोबत पूर्ण स्टेटमेंट आणि शाखाधिकाऱ्यांच्या सहीचं प्रमाणपत्र. पत्र जायला एक दिवस लागला, रिजनल ऑफिसमधून पुढे सरकायला सात आठवडे. दर सोमवारी फोन करत होते.

दुसऱ्यांदा भरताना दिवाणी दाव्याचा न्यायालयीन क्रमांक, दाखल तारीख, यंत्रांची सद्यस्थिती, सगळं कागद समोर ठेवून टाकलं. (२०२३ पासून १० लाखांपर्यंतच्या दाव्यांना न्यायालयात जाण्याची अट राहिली नाही. लहान खात्यांना याचा मोठा दिलासा आहे. आमचा कितीतरी खर्च आणि वेळ वाचला असता.) या वेळी दावा मंजूर झाला आणि पहिला हप्ता जमा झाला. उरलेले २५ टक्के वसुलीची कारवाई पूर्ण झाल्यावर.

त्याच महिन्यात ते वर्कशॉपवाले शाखेत आले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की सरकारने तुमचं कर्ज भरलं.

“मॅडम, म्हणजे आता माझं काही देणं नाही ना?”

त्यांना समोर बसवून खातं दाखवलं. भरपाई बँकेला मिळते, कर्ज तुमच्या नावावर तसंच राहतं, आणि तुम्ही जे भराल त्यातला ट्रस्टचा वाटा आम्हाला ट्रस्टला परत करावा लागतो. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आता थोडी कामं येताहेत. महिन्याला पाच हजार जमतील.” मी होकार दिला, शाखाधिकाऱ्यांची लेखी संमती घेतली आणि पावती फाडली.

संध्याकाळी पोर्टल उघडून त्यांच्या सीजीपॅनपुढे वसुलीची नोंद केली : ५,००० रुपये, तारीख पावतीवरची.