धार कुठे गेली? मुक्त पतन शिकवतानाचा माझा अनुभव

देवगडजवळच्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवतो. अंतराळवीर का तरंगतात, या प्रश्नाला ‘वर गुरुत्वाकर्षण नसते’ हे उत्तर दहावीच्या वर्गात दरवर्षी हमखास येते. २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांना अवकाश स्थानकात तरंगताना पाहिल्यानंतर तर मुलांचा हा समज अधिकच पक्का झाला. अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर असून तेथे गुरुत्व त्वरण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असते, हे मी फळ्यावर गणिताने दाखवले. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले, पटले मात्र कोणालाच नाही.

मग मी प्लास्टिकच्या बाटलीला तळाजवळ तापलेल्या खिळ्याने भोक पाडून तीत पाणी भरले. पहिला प्रयोग फसला, आणि तोही माझ्याच चुकीने. झाकण घट्ट राहिल्यामुळे धार मुळातच नीट येत नव्हती. झाकण काढून बाटली हातातून सोडली, तर ती अर्ध्या सेकंदाच्या आत जमिनीवर आपटली आणि कोणालाच काही दिसले नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्याच्या कठड्यावरून, साधारण साडेतीन मीटर उंचीवरून, बाटली खालच्या पेंढ्याच्या पोत्यावर सोडली. सुमारे ०.८ सेकंदाचे ते पतन मोबाईलवर स्लो मोशनमध्ये टिपले. हात सुटताक्षणी धार तुटलेली स्पष्ट दिसली आणि मागून कोणीतरी ओरडले, “सर, पाणी थांबला!”

फक्त गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने होणाऱ्या अशा पडण्याला मुक्त पतन म्हणतात. त्यात बाटली आणि पाणी एकाच त्वरणाने पडत असल्यामुळे पाण्याचा भार तळावर पडत नाही आणि भोकाशी त्याला बाहेर ढकलणारा दाब उरत नाही. अर्धा किलोचे वजन टांगलेला तानकाटा (स्प्रिंगचा वजनकाटा) त्याच पोत्यावर सोडला, तेव्हा पडताना त्याचा दर्शकही शून्याकडे गेला. जेटीवरून खाडीत उडी मारताना पोटात येणारा गोळा याच जातीचा असल्याचे मुलांनी स्वतःहून सांगितले, ते मला पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा सरस वाटले. स्थानकही असेच सतत पडत असते, मात्र ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पुढे जात असल्यामुळे जमिनीला लागत नाही.

खरी कसोटी पुढे होती. बाटली वर फेकली, तर चढताना धार चालू राहील का? जवळजवळ सगळ्या वर्गाने ‘हो’ म्हणून हात वर केले. मी मैदानात बाटली न फिरवता सरळ वर फेकली. हातातून सुटताच धार थांबली आणि चढताना व उतरताना थांबलेलीच राहिली, कारण हात सुटल्यावर वर जातानाही बाटली आणि पाण्याचे त्वरण एकच, खालच्या दिशेचे असते. पुढच्या बाकावरच्या मुलाने ती वरचेवर झेलली, त्याबरोबर धार पुन्हा सुरू झाली आणि त्याचा सदरा भिजला.